घोडा एक, लोखंडी, मोडका

हेमचंद्र परुळेकरांना चुकीचा शब्द सहन व्हायचा नाही. दादरच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं खिडकीमागे बसलेला माणूस. पोरगं येऊन म्हणालं, ‘काका, बोनाफाइड पाहिजे,’ की हे चष्म्यावरून बघत विचारणार, ‘बोनाफाइड काय? सर्टिफिकेट म्हण. नुसता प्रामाणिकपणा मी कुठून देऊ?’ पोरगं तोंडावर हसायचं आणि जिन्यात गेल्यावर शिवी घालायचं. घरी लालबागलाही तेच. चाळ पाडून टॉवर झाला, परुळेकर दुसऱ्या मजल्यावरून चौदाव्यावर गेले, पण कुणी ‘माझी मदत कर’ म्हणालं की ‘मला’ म्हणायची सक्ती तिथंही चढून आली. गावाशी फोनवर बोलतानासुद्धा पलीकडून चुलतभाऊ रघु मालवणीत बोलणार आणि इकडून हेमचंद्र धड्यातल्यासारखं उत्तर देणार.

तर अशा माणसाच्या जेवणाच्या टेबलावर कार्तिकातल्या एका सकाळी रघुनं एसटीतल्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवलेला बिस्किटांचा डबा येऊन पडला. आत जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला एक लोखंडी ऐवज. तळहाताएवढी पट्टी, तिच्या एका अंगाला चोच वाकवल्यासारखा घोडा, दुसऱ्या अंगाला आतली कळ. ठासणीच्या, म्हणजे नळीत दारू ठासून भरायच्या बंदुकीचा, बार उडवणारा भाग तो हाच. दोन स्क्रू काढले की अख्खा सुटा होतो. आतली इंग्रजी व्हीसारखी दुमडलेली पोलादी कमान मधोमध तुटली होती. तिचा एक तुकडा बनियनच्या बाहीत सापडला.

“शी, जेवायच्या टेबलावर काय ते!” सुमेधा म्हणाली. ती हेमचंद्रांची बायको, परळच्या एका इस्पितळात रेकॉर्ड सेक्शनला.

“घोडा आहे,” हेमचंद्र म्हणाले.

“असू दे हत्ती. पेपर घाला खाली.”

या घोड्यात काय अडकलं होतं ते सांगायला पाहिजे. कुडाळच्या आतल्या अंगाला परुळेकरांचं गाव. जत्रेच्या दिवशी दिवेलागणीला देवीची पालखी देवळाबाहेर पडते ती बार ऐकून. बार झाल्याशिवाय भोई दांडीला खांदा देत नाहीत. आणि हा बार परुळेकरांच्या घराचा. घरातला थोरला असेल त्यानं काढायचा. हेमचंद्रांचे वडील कमलाकांत मुंबईत कारकुनी करत, पण जत्रेला चाळीस वर्षं न चुकता जाऊन त्यांनी बार काढला. ते गेले तोवर जुन्या बंदुकीची नळी गंजून चाळण झाली होती. गावात राहणाऱ्या रघुकडे पीकसंरक्षणाचं लायसन होतं, माकडं-डुकरं हाकायला. त्यानं बांद्याकडच्या कुणाची तरी वापरलेली ठासणीची बंदूक रीतसर कागदं करून घेतली. विकणारा म्हणाला होता, एकदम ओके कंडिशन.

गेल्या जत्रेत हेमचंद्रांनी ती पहिल्यांदा खांद्याला लावली. सगळा गाव कानात बोटं घालून उभा. चाप ओढला.

टिक.

एवढंच. कमान तुटली आणि घोडा मेलेल्या कोंबडीच्या मानेसारखा लोंबायला लागला. पालखी थांबलेली, ढोल थांबलेला, पोरं फिदीफिदी हसायला लागलेली. शेवटी या मानावर डोळा ठेवून असलेल्या खालच्या घरातल्या कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला आणि देवी फटाक्याच्या आवाजावर बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी मानकऱ्यांनी सांगितलं, पुढल्या वर्षी बार झाला तर झाला. नाही तर मान खालच्या घराकडे.

वर्षभर रघुनं काही केलं नाही. ‘बघतंय, बघतंय’ म्हणत दसरा गेला, दिवाळी गेली. आणि आता जत्रेला तीन आठवडे उरले असताना घोडा चौदाव्या मजल्यावर. हेमचंद्रांना त्याची मान पकडावीशी वाटली. पण मान पकडायला माणूस समोर लागतो. गेलं वर्षभर ते ‘टिक’ त्यांच्या डोक्यात बसलं होतं. खिडकीशी कुणी बॉलपेनचं बटण दाबलं तरी दचकायचे. यंदा तो बार त्यांना स्वतःच्या हातानं काढायचा होता, बास.

पहिल्याच शनिवारी फोर्टातलं बंदुकीचं दुकान गाठलं. काउंटरवरच्या म्हाताऱ्या मालकानं डब्यात डोकावूनही पाहिलं नाही.

“बंदूक कुठाय?”

“गावी.”

“लायसन?”

“गावी.”

“लायसन ज्याच्या नावावर, तो माणूस?”

“गावी.”

“मग तुम्हीच एकटे इथे काय करताय?” मालक म्हणाला. “तिघांना घेऊन या. मग तीन महिने लागतील. ठासणीचं काम करणारा एकच कारागीर उरलाय आणि त्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे.”

“अहो, हा नुसता घोडा आहे.”

“साहेब,” मालक इकडेतिकडे बघत म्हणाला, “बाहेर असं बोलू नका. लॉक म्हणा, लॉक.”

लॉक! घरी येईपर्यंत हेमचंद्र धुमसत होते. लॉक म्हणजे कुलूप. बंदुकीला काय कुलूप असतं? मुलगी नूपुर सोफ्यावर पाय घेऊन लॅपटॉपवर ऑफिस करत होती. तिनं शोधून सांगितलं, “बाबा, इंग्लिशमध्ये लॉकच म्हणतात. फ्लिंटलॉक, पर्कशन लॉक. तू उगाच भांडत बसतोस.”

“मराठीत घोडा म्हणतात.”

“बरं बाबा, घोडा. मी बघते ना.”

तिनं काय बघितलं ते रविवारी कळलं. सकाळी दहाला बेल वाजली. दारात टी-शर्टवर कंपनीचं नाव असलेला माणूस, हातात ड्रिल मशीन, पाठीवर पेटी. “लॉक रिपेअर, मॅडम नूपुर?” त्यानं सगळ्यांच्या चपला बाजूला सारल्या आणि सरळ मुख्य दरवाज्याला हात घातला. हेमचंद्रांनी त्याला ओढून टेबलाशी आणला. त्यानं ऐवज उलटा केला, सुलटा केला.

“काका, ये कौनसे डोअर का है?”

“डोअरचं नाही. बंदुकीचं.”

त्या माणसानं तो इतक्या हळू खाली ठेवला की पेपरचा आवाजसुद्धा झाला नाही. व्हिजिट चार्ज मात्र घेतला. जाताना लिफ्टपाशी तो वॉचमनशी काहीतरी बोलत होता. तेव्हापासून वॉचमन हेमचंद्रांना उठून सलाम करायला लागला. हेमचंद्रांना त्याचाही राग आला.

पुढचे दहा दिवस असेच गेले. शीव कोळीवाड्यातला वेल्डर म्हणाला, चिकटवून देतो. चिकटवलेली कमान पहिल्याच झटक्याला सुटली आणि तुकडा त्याच्या कपाळाला लागला, वर तोच यांच्यावर ओरडला. हिंदमातावर शिलाई मशीनं दुरुस्त करणाऱ्यानं मशीनची कमान बसवून पाहिली; घोडा अर्धा उठला आणि दमलेल्या म्हाताऱ्यासारखा खाली बसला. मग कुणीतरी सांगितलं, गिरगावात ठाकुरद्वारापाशी जुना घड्याळजी आहे, कमानीतलं त्याला कळतं. हेमचंद्रांनी आणखी एक अर्धी रजा टाकली.

घड्याळजीनं डोळ्याला भिंग लावलं, आणि पाच मिनिटांनी काढलं. “एवढी जाड कमान मी जन्मात पाहिली नाही. बनवली असती, पण हिला पाणी चढवावं लागतं. तापवायची, तेलात विझवायची, परत तापवायची. जरा जास्त झालं की काचेसारखी फुटते, कमी झालं की शिशासारखी वाकते. माझं काम नाही हे.”

जत्रेला आठ दिवस. हेमचंद्र समोरच्या वडेवाल्याच्या दुकानात उभे राहिले. वडा गरम, जीभ भाजली आणि तेवढ्यात रघुचा फोन.

“दादा, झाला काय रे घोड्याचा? हय लोक इचारतत.”

दुकानात गर्दी, वर भांड्यांचा खणखणाट. हेमचंद्रांनी आवाज चढवला, एकेक शब्द सुटा करून.

“घोडा माझ्यापाशी आहे! काळजी करू नकोस! गुरुवारी बार झालाच पाहिजे! गेल्या वेळी माझ्याच हातून चुकला, यंदा मी चुकवणार नाही! घराण्याच्या अब्रूचा प्रश्न आहे!”

बाजूला उभ्या असलेल्या एका बाईनं अर्धा वडा बशीत ठेवला आणि मुलाचा हात धरून बाहेर गेली. हेमचंद्रांना वाटलं, आपल्या मोठ्या आवाजाचा त्रास झाला असेल. त्यांनी मनातल्या मनात माफीही मागितली. चहा संपेस्तोवर दुकान रिकामं झालं होतं आणि दारात दोन पोलीस उभे होते.

“काका, पिशवीत काय आहे?”

खोटं बोलायचा प्रश्नच नव्हता. “घोडा,” हेमचंद्र म्हणाले.

पुढचं सगळं फार भराभर झालं. भिंतीला तोंड, हात वर, पिशवी लांब फुटपाथवर. पलीकडच्या इमारतीतून मोबाइल निघाले. चौकीत डबा उघडला गेला आणि बनियनमधून ती पट्टी बाहेर आली, तेव्हा टेबलामागचे हवालदार शेळके खुर्चीत मागे रेलले. शेळके सांगोल्याकडचे, गडी मिशाळ, पोट सुटलेला.

“आवं काका! घोडा म्हणजे ह्यो व्हय? माझ्या मामाकडं व्हता असला. आन् हितं आमची पळापळ!” त्यांनी डोक्याला हात लावला. “मुंबईत घोडा म्हणत्यात पिस्तुलाला. एवढी वर्सं राहताय लालबागला, ठावं नाही तुम्हाला?”

“ती अशुद्ध भाषा आहे,” हेमचंद्र म्हणाले.

“अशुद्ध भाषेतच फोन येतो आमाला.”

पण आलेली तक्रार कागदावर घ्यावीच लागते. शेळके लिहायला लागले. ‘घोडा एक, लोखंडी, मोडका.’ हेमचंद्र वाकून वाचत होते.

“मोडका नव्हे. नादुरुस्त.”

“मोडका.”

“आणि हे ‘मिळुन’. मिळून. दीर्घ ऊकार.”

शेळक्यांनी एकदा वर बघितलं, ऊकार दिला. “बरं, शेवटचा चालवला कुणी ह्यो?”

“मी. गेल्या जत्रेत मीच चाप ओढला.”

“आन् लायसन कुणाच्या नावावर म्हणालात?”

“रघुनाथच्या. माझा चुलतभाऊ.”

शेळक्यांनी पेन खाली ठेवलं. “काका,” ते खालच्या आवाजात म्हणाले, “ह्ये मी ऐकलेलं नाही.”

पण आतल्या केबिनचं दार उघडं होतं आणि साहेबांनी ऐकलं होतं. साहेब बाहेर आले, तरुण, घाईत. त्यांनी दोन वाक्यांत निकाल लावला. लायसनवाला ओरिजिनल लायसन घेऊन येईल, तोच हे घेऊन जाईल. आणि परुळेकर लिहून देतील की बंदुकीला हात लावणार नाहीत.

कोरा कागद समोर आला. इथं शेळक्यांनी माणुसकी केली, ती नोंदवायला हवी. साहेब आत गेल्यावर ते पुटपुटले, “लिवा काका, ‘यंदाच्या जत्रेत सदर बंदुकीचा चाप मी ओढणार नाही.’ बास. फुडल्या वर्षीचं फुडल्या वर्षी. तवर रीतसर परवानगीचं बघा.”

हेमचंद्रांनी चष्मा पुसला. एकतीस वर्षं हमीपत्रं तपासलेला माणूस. “‘यंदाच्या’ असं हमीपत्रात लिहीत नाहीत. मोघम होतं ते,” असं म्हणून त्यांनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, ‘यापुढे कधीही ओढणार नाही.’ खाली सही, तारीख, पत्ता, पिनकोडसकट.

शेळके कागदाकडे बघतच राहिले. “लई सुंदर अक्षर हाय तुमचं,” एवढंच म्हणाले.

चौकीच्या तिसऱ्या पायरीवर हेमचंद्रांच्या ध्यानात आलं आपण काय केलं ते. ते तिथंच थांबले. परत आत जावं, ते दोन शब्द खोडावेत, असं वाटलं. पण खोडलेलं हमीपत्र ग्राह्य धरत नाहीत, हा नियम त्यांनीच शेकडो पोरांना ऐकवला होता.

शनिवारी रघु आला, रात्रभर बसमध्ये बसून, कोकमाच्या सोलांची पिशवी आणि प्लॅस्टिकमध्ये घातलेलं लायसन घेऊन. पन्नाशीचा, काटक, सदा हसतमुख. त्याच्या हसण्यानंच हेमचंद्रांचं अर्धं रक्त आटायचं. चौकीतून घोडा परत मिळाला. खाली उतरताना रघु म्हणाला, “दादा, ‘यंदा’ लिवूक काय झाला होता तुका?”

हेमचंद्र दोन पायऱ्या पुढे उतरले.

“शाळेत बक्षिसा घेतलंस ना शुद्धलेखनाची. ह्या तेचा इंटरेस.”

“तू वर्षभर झोपला नसतास तर ही वेळ आली नसती!”

“माका काय ठावक तू पोलिसांका जाऊन सांगतलंस म्हणान?”

भांडण घरापर्यंत आलं. टेबलावर पुन्हा पेपर, पेपरवर पुन्हा तो तुटका ऐवज. सुमेधा ताटं घेऊन आली आणि पहिल्यांदाच वाकून नीट बघितलं.

“हे एवढंच तुटलंय? ही पट्टी?”

“कमान म्हणतात तिला.”

“अहो, ही स्प्रिंगच ना? आमच्याकडे सर्जरीचे चिमटे, कात्र्या, सगळ्यांच्या असल्या स्प्रिंगा दर्शनाताई करून देते. इस्पितळाच्या मागच्या गल्लीत तिचा गाळा आहे. गेली पंधरा वर्षं.”

हेमचंद्रांच्या तोंडाशी गेलेला घास तसाच राहिला. “आणि हे तू आज सांगतेस?”

“तुम्ही मला सांगितलंत कधी स्प्रिंग तुटलीय म्हणून? दोन आठवडे घोडा घोडा करत फिरताय. मला वाटलं काय तरी बंदुकीतलं मोठं असेल. मी काय बंदूकवाली आहे?”

रघु हसता हसता सोलकढीनं ठसकला. त्याची पाठ थोपटायला कुणी उठलं नाही.

दर्शनाताई पंचेचाळिशीच्या, बारीक, कपाळावर भिंग चढवलेलं, ओढणी कमरेला खोचलेली. सासऱ्यांकडून शिकलेलं काम. गाळ्यात दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं बाहेर. त्यांनी तुकडे जोडून बघितले.

“बंदूक मी करत नाही. कमान करते. कमान कशात बसते ते तुमचं तुम्ही बघा.” मग बोटानं आतल्या चाकाची खाच चाचपली. “ही पण थोडी झिजलीय. पण एवढं वर्ष काढेल.”

पोलादाची पट्टी कापली, घासली, तापवून दुमडली. लाल झाल्यावर तेलात बुडवली तेव्हा गाळाभर धूर झाला. दुसऱ्यांदा तापवून बसवली. घोडा उठला, कट्ट, आणि ‘फट’ करून कमान तुटली.

“संपलं,” हेमचंद्र म्हणाले. ते उलटे फिरले आणि गल्लीत जाऊन उभे राहिले. इस्पितळाच्या भिंतीला टेकून बसलेले नातेवाईक केळी खात होते. कुणाला विचारायचं, कुणावर ओरडायचं? विकणाऱ्यावर, रघुवर, नूपुरवर, त्या वडे खाणाऱ्या बाईवर? यादी करता करता शेवटचं नाव स्वतःचंच येत होतं.

“दादा, आत ये रे,” रघुनं हाक मारली. “ती दुसरी करता.”

दुसरी दोन तासांनी झाली. या वेळी दर्शनाताईंनी ती घाईनं बसवली नाही. चहा मागवला, चहा संपवला, मग बसवली. अंगठ्यानं घोडा मागं घेतला. एक कट्ट. आणखी मागं, दुसरी कट्ट. थांबला. उभा राहिला तसाच, ताठ.

“घे,” रघुनं तो ऐवज हेमचंद्रांच्या हातात दिला. “ओढ.”

“मी लिहून दिलंय.”

“बंदुकीचा लिवून दिलंस. ह्यो नुसतो घोडो असा. बंदूक गावाक.” रघु हसत नव्हता आता. “आणि आयक. जत्रेतय तूच ओढ. कागद चौकीत, जत्रा गावात. थयसर कोण सांगाक जाता? मी बाजूक उभो रवतंय.”

हेमचंद्रांनी मान हलवली. “माझी सही आहे त्याच्यावर. नाय जमाचा माका.”

रघुनं त्यांच्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत थोरल्याच्या तोंडून मालवणी त्यानं ऐकली नव्हती.

हेमचंद्रांनी तर्जनी आतल्या दांडीवर ठेवली आणि दाबली.

खट्टाक्.

घोडा लाकडी बाकावर आदळल्यासारखा पुढे आला, गाळ्यातले चिमटे ट्रेमध्ये थरथरले. हेमचंद्रांनी परत मागं घेतला. खट्टाक्. परत. खट्टाक्. चौथ्यांदा अंगठा लावला तेव्हा दर्शनाताई पुढे झाल्या.

“काका, रिकामा मारू नका. खाच झिजते.”

त्यांनी घोडा हेमचंद्रांच्या हातातून काढून घेतला, पुसला, तेलाचं बोट फिरवलं आणि रघुकडे दिला. लायसनवाला तोच होता.

रघु त्याच रात्रीच्या बसनं गेला. “तू बुधवारी ये,” म्हणून बजावून गेला. हेमचंद्रांनी फोन करून कळवलं, रजा शिल्लक नाही. अकरा होत्या. सुमेधाला ठाऊक होतं अकरा आहेत म्हणून. जाऊन काय करायचं? हात मागं बांधून उभं राहायचं आणि गावानं विचारायचं, थोरल्याचा हात मोडला काय?

गुरुवारी ते कॉलेजातून वेळेवर घरी आले. हातपाय धुतले. टीव्ही लावला नाही. दिवे लागले तरी बाल्कनीत बसून राहिले. खाली लालबागचा रस्ता नेहमीसारखा ओरडत होता. सव्वासातला फोन वाजला. मागं ढोल, माणसं, गलका.

“दादा, झालो रे! एका दमात झालो! पालखी भायर पडली!”

हेमचंद्र उठून उभे राहिले. “आवाज कसा होता?”

“मोठो.”

“मोठा म्हणजे कसा? फुटल्यासारखा, की गडगडल्यासारखा? बाबा काढायचे तेव्हा आधी एक जड दणका यायचा आणि मग डोंगराकडून...”

“मोठो म्हणजे मोठो रे. बंदुकीचो असता तसो.”

“अरे, पण नीट सांग ना! घुमला का? पोरं दचकली का?”

“सगळी दचकली. दादा, हाक मारतत माका, नारळ घेवचो असा मानाचो. ठेवतंय.”

फोन बंद झाला. हेमचंद्रांनी तोंडातल्या तोंडात दोन-तीन शब्द लावून पाहिले. धडाड. नव्हे. धाडकन. तेही नव्हे. धुडूम तर पोरकटच. एकही बसेना.

सुमेधा पदराला हात पुसत बाल्कनीच्या दारात आली.

“भावोजींचा फोन ना? झाला का बार?”

“झाला.”

“कसा झाला?”

हेमचंद्रांनी फोन खिशात टाकला.

“मोठा,” ते म्हणाले.